परतीची बॅटरी

आमच्या घरमालकीणबाई शेजारणीची वाटी कधी रिकामी परत करत नसत. यात विशेष काही नाही, माझी आईसुद्धा करत नाही. पण बाईंच्या घरात वाटीत घालण्यासारखं काही असेलच याची खात्री नसे. एकदा त्यांनी शेजारच्या भाभींच्या वाटीतून तांब्याच्या तारेचं वेटोळं परत पाठवलं. भाभींनी मला जिन्यात गाठलं.

"भैया, मैंने कढ़ी दी थी. ये वापस आया है. इसका छौंक लगाऊँ क्या?"

मी बाईंना विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "चांगली तार आहे रे. सियागंजच्या बाजारात पण अशी भेटत नाही. घरात दुसरं काही नव्हतं. मग काय, रिकामी देऊ?"

इंदूरच्या सुदामा नगरातल्या त्या घराच्या वरच्या खोलीत मी बरीच वर्षं भाड्याने राहिलो. पीथमपूरच्या एका मोटरपंपांच्या कारखान्यात चाचणी विभागात नोकरी लागली म्हणून सांगलीहून आलो होतो. आईवडील थकत चाललेले, मी एकुलता एक, आणि तरी आलो. ही टोचणी मला तेव्हाही होती आणि आजही आहे. अशी एक टोचणी कायमची मनात असली की माणूस बाकीच्या जगाचीही माफी मागत फिरतो. ऑटोवाल्याने चुकीचं वळण घेतलं तरी सॉरी मीच म्हणतो. बाईंना याची भयंकर चीड. "तू श्वास घेतो का सॉरी घेतो?" असं त्या विचारत.

बाई पॉलिटेक्निकमध्ये विजेची यंत्रं शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे वडील खानदेशातून इथल्या कापडगिरणीत कारकून म्हणून आलेले. बाई इंदूरमध्येच जन्मल्या, वाढल्या, आणि लग्न न करता इथेच राहिल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हणालो, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मी तुझ्या कोणत्या काकाशी लग्न केलं रे? बाई म्हण, मॅडम म्हण. कॉलनीवाले मोटरवाली आंटी म्हणतात, ते पण चालेल." मला मात्र बाई माझ्या नावाने कधीच हाक मारत नसत. मी सांगलीकर.

मोटरवाली, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर मिक्सरच्या जागी एक मोटर होती. मिक्सर जमिनीवर. चटणी करायची असली की बाई पाटावर बसून करत, पण मोटर हलत नसे. जुन्या कूलरच्या मोटरींतून काढलेलं लोखंड, त्याच्यावर बाईंनी स्वतः गुंडाळलेल्या कॉइली आणि मध्ये चुंबकं बसवलेली, थाळीएवढी फिरती तबकडी. तिला वीज द्यायला डावीकडे एक बॅटरी. उजवीकडे, देवघराच्या फळीखाली, दुसरी. ती परतीची.

मी विजेच्या मोटरींतला माणूस, पण बाईंनी जे समजावलं तसं मला कुणी कॉलेजात समजावलं नव्हतं. "कुकरखालचा गॅस बंद केला तरी तो अजून एक शिट्टी मारतो की नाही? कॉइलचं तसंच आहे. वीज दिली की तिच्यात चुंबकत्व उभं राहतं. वीज तोडली की ते कोसळतं, आणि कोसळताना एक झटका देऊन जातं. सगळे लोक तो झटका जाळून टाकतात, नाही तर स्विच उडेल म्हणून. मला ती शिट्टी पाहिजे. जेवढी आली तेवढी भरून ठेवायची."

बस, एवढंच. जेवढी दिली त्याहून जास्त परत येते असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. पण ऐकणाऱ्यांना ते पुरत नसे. दर काही महिन्यांनी कुणी तरी दारात उभं राहायचं: फुकट बिजली पाहायला आलेले. कुणी उज्जैनहून, कुणी देवासहून, हातात मोबाइल, डोळ्यांत चमक. बाई त्यांना चहा देत आणि मोटर सुरू करून सांगत, "कॉइलला हात लावा."

"गरम है, मॅडम."

"ये गरमी किसने दी?"

"...बैटरी ने?"

"वो गई. उसको कोई माई का लाल वापस नहीं ला सकता. अब बताओ, फुकट कुठून येणार?" शेवटचं वाक्य हटकून मराठीत, आणि पाहुणे चहा संपवून गुपचूप जात. एकाने फाटकापाशी मला इंदुरी थाटात विचारलं, "भिया, असली वाली मशीन अंदर छुपा के रखी है क्या?"

परतीच्या बॅटरीबाबत मात्र बाईंचा एक नियम होता, आणि सगळी गोष्ट त्या नियमापाशी येते. तिच्यातून काहीही घ्यायचं नाही. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली, आम्ही दोघं घामाने निथळतोय, बॅटरीवर चालणारा छोटा पंखा हाताशी आहे, तरी नाही. मी म्हणालो, "बाई, भरलेली आहे ती. पंधरा मिनिटं तरी लावू."

"परतीचं आहे ते. परतीचं खात नाहीत."

"कोण खात नाही?"

"मी."

दिवाळीत त्या तिला हळदकुंकू लावत. बॅटरीवर एक व्होल्टमीटर कायमचा जोडलेला होता. मोटर चालली की काटा हळूहळू चढायचा, आणि तो चढलेला काटा बघताना बाईंचा चेहरा लेक परीक्षेत पास झाल्यासारखा व्हायचा. त्या काट्यावरून त्यांनी हिशेब मांडला होता की कॉइलमध्ये जे साठतं त्याच्या शंभरातले साठ भाग परत येतात. कुणीही विचारलं तरी छाती काढून सांगत, "साठ." त्यांचे जुने विद्यार्थी, पॉलिटेक्निकचे सहकारी, भाभी, दूधवाला, सगळ्या सुदामा नगराला तो आकडा पाठ होता.

त्या विद्यार्थ्यांपैकी एकाचं सांवेर रोडला ई-रिक्षांचं वर्कशॉप होतं. गोरापान, जाडजूड, तोंडात कायम सुपारी. बाईंसमोर आला की मात्र सुपारी गिळून टाके. त्याने बाईंची रचना आपल्या रिक्षांच्या मोटरींत बसवायची ठरवली. साठ परत येत असतील तर एका चार्जिंगमध्ये गाडी बरीच पुढे जाईल, असं त्याने अड्ड्यावरच्या रिक्षावाल्यांना सांगून टाकलं. बाईंच्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मोटर ओट्यावरून रस्त्यावर उतरणार होती. त्या महिन्यात त्या इतक्या खुशीत होत्या की मिक्सर वर ठेवायची भाषा करू लागल्या.

तो मला म्हणाला, "भिया, आपकी लैब में एक बार टेस्ट करा दो. मैडम का नंबर तो पक्का ही है, बस काग़ज़ मिल जाए."

मी साहेबांची परवानगी काढली. मग बाईंना सांगितलं की लॅबमध्ये काटा बघून चालत नाही. परतीची बॅटरी मोजून रिकामी करायची, मग मोटरवर भरायची, मग पुन्हा लोड, म्हणजे वीज खाणारं काही तरी, लावून पूर्ण रिकामी करायची, आणि बाहेर किती आलं ते मोजायचं.

बाईंनी परतीच्या बॅटरीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "रिकामी कशाला?"

"त्याशिवाय कळत नाही, बाई."

"काटा दिसत नाही का तुला?"

पुढचे काही दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला वाटत राहिलं की मी कुणाच्या तरी देवघरातला दिवा मागतोय. मग एका सकाळी त्यांनी स्वतःच बॅटरीवरचं हळदकुंकू ओल्या फडक्याने पुसलं आणि हाक मारली, "सांगलीकर, उचल."

एक गोष्ट मी कबूल केली पाहिजे. चाचणीच्या आदल्या दिवशी मी मनात देवाला म्हणालो होतो, आकडा साठ येऊ दे. चाचणी घेणाऱ्याने असं म्हणू नये. मोजायला बसलेल्या माणसाला आकड्याकडून काही नको असावं. मला हवं होतं.

लॅबमध्ये बॅटरी दिवसभर बाईंच्या मोटरवर भरली. व्होल्टेज नेहमीसारखा चढला, बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग मी लोड लावला. आणि तो व्होल्टेज जो घसरला, तो जिना उतरावा तसा नाही, विहिरीत पोहरा सुटावा तसा. मी जोडण्या तपासल्या. दुसऱ्या यंत्रावर बघितलं. अशा टोकदार झटक्यांनी बॅटरीचा व्होल्टेज नुसता फुगतो, दुधावर फेस यावा तसा. भांडं भरलेलं दिसतं. ओतायला गेलं की दूध तळाला. हे मला माहीत होतं. बाईंना तर माझ्याआधी माहीत होतं. पण ज्या बॅटरीतून कधी काही ओतलंच नाही, तिच्यातला फेस कुणाला दिसणार?

आकडा समोर होता आणि मी तो वाचेना. बाई स्टुलावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर.

"सांगलीकर, चेहरा नको वाचून दाखवू. आकडा वाच."

"नऊ," मी म्हणालो. "शंभरातले नऊ."

"परत लाव."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा सगळं केलं. नऊच्या किंचित खाली आला.

पीथमपूरहून परत येताना गाडीत मोटर बाईंच्या मांडीवर होती आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या. वाटेतलं राऊ गाव मागे पडलं तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाई, सॉरी."

"तू कशाला सॉरी? तू मीटर आहे का?"

"मी टेस्टचं काढलं नसतं तर..."

"तर मी मरेपर्यंत साठ साठ करत राहिली असती," बाई म्हणाल्या. मग, बाहेरच बघत, "प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी काय सांगायची मी? लोड लावल्याशिवाय कोणत्याच मशीनवर भरोसा करू नका. फळ्यावर लिहून द्यायची. आणि स्वतःच्या घरात बॅटरीला कुंकू लावत बसली."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. मला वाटलं, ही बाई आता मोडली. घरी जाऊन मोटर माळ्यावर टाकतील आणि मिक्सर ओट्यावर येईल. याला कारण मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ठेवणीतली साडी नेसून, डोक्याला तेल लावून फाटकाशी उभ्या होत्या. घरात मंगळागौर असली म्हणजे बायका बोलावणं करायला निघतात, अगदी तशा. "चल," म्हणाल्या. "ज्यांना ज्यांना साठ सांगितलं, त्यांना नऊ सांगायला जायचं आहे."

"फोन करू ना, बाई."

"छाती काढून सांगितलं होतं तेव्हा फोनवर सांगितलं होतं का?"

मी रजा टाकली. आम्ही ई-रिक्षा करून फिरलो. भाभींपासून सुरुवात. त्यांना काही कळलं नाही, त्या म्हणाल्या, "नौ भी अच्छा है आंटी, नौ देवियाँ होती हैं." पॉलिटेक्निकच्या एका निवृत्त सहकाऱ्याने सोफ्यात रेलून म्हटलं, "मला वाटलंच होतं." बाई म्हणाल्या, "वाटलं होतं तर बोलायचं होतं ना. चहा नंतर पिऊ, आज आणखी घरं आहेत." दूधवाल्याला रस्त्यातच गाठलं. प्रत्येक ठिकाणी त्या तेच बोलत: माझ्याकडून चूक झाली, साठ नाही, नऊ. मी त्यांच्या मागे उभा राहून जमिनीकडे बघत असे. माफी मागायचा धंदा माझा. पण बाईंचं ते मागणं ऐकून मला कळलं की मी आजवर जे करत होतो ते काही तरी वेगळंच होतं. त्या चूक सांगत आणि पुढच्या दारी जात.

वर्कशॉप सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. वर्कशॉपवाल्याने ऐकलं आणि सुपारी थुंकली. बाईंसमोर पहिल्यांदाच.

"मैडम, आपने ही सिखाया था ना? लोड लगाओ, तब बोलो."

"हो."

"तो?"

"तो क्या? मी नापास."

तो खुर्चीत बसला. मग त्याने आवाज खाली आणला. "मैडम, मैंने अड्डे पे ज़बान दे दी है. सुनो, कुछ तो बचता ही है ना? चुपचाप लगा देते हैं. किसको पता चलेगा?"

"चुपचाप लावशील, आणि एखाद्या रिक्षावाल्याची गाडी भर रस्त्यात बंद पडेल. तेव्हा तो तुला शिव्या देईल का मला?"

"मुझे."

"म्हणून चल. तू ज़बान दिली ती माझ्या आकड्यावर. मी सांगते त्यांना."

तो आला नाही. आम्ही दोघंच अड्ड्यावर गेलो. चहाच्या टपरीपाशी रिक्षावाले बसले होते. बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कुकरची शिट्टीसुद्धा. कुणी तरी मागून म्हणालं, "लोग यहाँ बढ़ा के बोलने आते हैं, ये घटाने आई हैं!" सगळे हसले. एक म्हातारा रिक्षावाला मात्र हसला नाही. त्याने विचारलं, "तो आंटी, आगे कभी बढ़ेगा कि नहीं?"

"बढ़ेगा. किती ते मोजल्याशिवाय सांगणार नाही."

"हम कैसे मानेंगे? आपका मीटर तो झूठा निकला."

बाईंना ते लागलं. त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली. अड्ड्याच्या कोपऱ्यावर भुट्ट्याचा कीस विकणाऱ्याचा ठेला होता, त्यावर एक बल्ब लटकत होता. बाईंनी तिकडे बोट केलं. "वो बल्ब. रोज शामको मी माझी परतीची बॅटरी त्याला देईन. जेवढा जळेल, तेवढं माझं. तुम्ही इथे बसूनच बघा."

म्हातारा म्हणाला, "जिस दिन ये ठेला बंद होने तक चल गया, उस दिन अपनी गाड़ी में लगवाऊँगा."

त्या संध्याकाळपासून परतीची बॅटरी देवघराखालून उठली आणि ठेल्याखाली जाऊ लागली. पहिल्या दिवशी कढईतला पहिला घाणा व्हायच्या आत बल्ब विझला. ठेलेवाल्याने डोक्याला हात लावून आपली बॅटरी जोडली. दिवसा बाई मोटर खोलून बसत. बोटं आता सराईत राहिली नव्हती, कॉइलचा पदर मध्येच निसटे, मग त्या सगळी उलगडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळत. माझ्याकडून फक्त रीळ धरून घेत. वर्कशॉपवाला काही आठवडे फिरकला नाही. मग एका रविवारी तणतणत आला आणि ओट्यावर एक जड पिशवी आदळली.

"कूलर का लोहा फेंको, मैडम. आधा तो उसी में जल रहा है. पतली पत्ती का कोर लाया हूँ. और मैं अब भी नाराज़ हूँ."

"नाराज राह," बाई म्हणाल्या. "पण आधी हे पकड."

त्यानंतर बल्ब जास्त जास्त वेळ जळू लागला. मी पुढे लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो. यायला हवं तेवढं येत नाही, याचीही मला टोचणी आहे, पण बाईंकडे गेलो की ती सांगायची मी बंद केली आहे. गेल्या महिन्यात गेलो तर घराला कुलूप. ठेल्यावर सगळे जमले होते: बाई, वर्कशॉपवाला, म्हातारा रिक्षावाला, कीस खायला आलेली गिऱ्हाइकं. बाईंनी नवी गुंडाळलेली कॉइल त्या दिवशी पहिल्यांदा चालवली होती.

बल्ब जळत होता. कढई अर्धी रिकामी झाली होती. रिक्षावाल्याने दोन प्लेट कीस खाल्ला, तिसरी मागवली. ठेलेवाल्याने कोथिंबीर संपल्याचं जाहीर केलं, म्हणजे आवराआवरीची वेळ जवळ आली होती. वर्कशॉपवाल्याने माझा दंड धरून ठेवला होता. मी बल्बकडे बघत होतो आणि देवाला काही मागत नव्हतो.

मग प्रकाश पिवळा झाला. ठेलेवाल्याने सवयीने आपल्या बॅटरीकडे हात नेला.

"थांब," बाई म्हणाल्या. "पूर्ण विझू दे."

"आंटी, ग्राहक अँधेरे में खा रहे हैं!"

"खाऊ दे. तोंड सापडतं ना त्यांना?"

कुणी हसलं, कुणी चुकचुकलं. बल्बची तार नारिंगी झाली, मग लाल, मग तिचा नुसता एक दोरा राहिला. कढईत अजून थोडा कीस होता. म्हातारा उठला, त्याने कढईत डोकावलं आणि बाईंकडे बघून चार बोटं आडवी धरली. एवढं राहिलं.

तो दोराही गेला. अंधारात काही वेळ फक्त उलथन्याचा आवाज येत होता.

"जेवढा जळला तेवढं खरं," बाई म्हणाल्या, आणि बॅटरीच्या वायरी सोडायला खाली वाकल्या.